ड्यूकाचा दात आणि कांताबाईची पेज

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या सुखदेवला तर नाहीच. वीस वर्षं होत आली. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर आलं की माझी जीभ आपोआप जे शोभेल तेच बोलते. मास्तरकीची सवय, दुसरं काय. आज ती सवय बाजूला ठेवून बघतो. जमेलच असं नाही.

सुरुवात मात्र एका ड्यूकापासून करावी लागेल. हसू नका. स्कॉटलंडचा ड्यूक, तीनशे वर्षांपूर्वीचा. मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. पीएच.डी.साठी नागपूरला नाव नोंदवलं तेव्हा मला आमच्याकडच्या तलावांवर लिहायचं होतं, जुन्या मालगुजारांनी, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारांनी, धानासाठी बांधलेल्या तलावांवर. मार्गदर्शक म्हणाले, मालगुजाराच्या नातवाने मालगुजारांवर लिहिलं तर तो प्रबंध होणार नाही, आरती होईल. त्यांच्या कपाटात एका स्कॉटिश सरदाराच्या पत्रव्यवहाराचे दोन जाडजूड खंड पडून होते. ते त्यांनी माझ्या गळ्यात मारले. आणि कोंढ्याच्या पुढच्या एका लहानशा गावात राहणारा माणूस नऊ वर्षं मनाने एडिनबर्गच्या पार्लमेंटात बसून राहिला.

त्या ड्यूकाचं नाव इथे घेत नाही. आमच्या गावात ते कोणाच्या जिभेवर बसलंच नाही, सगळे 'सराचा ड्यूक' म्हणायचे. मोठ्या घराण्यातला थोरला मुलगा, देखणा, बोलका, लोकांचा फार लाडका. त्याची बग्गी निघाली की माणसं मागे धावायची. स्कॉटलंड इंग्लंडला जोडून टाकायचं आणि स्कॉटलंडचं स्वतःचं पार्लमेंट कायमचं बंद करायचं घाटत होतं, त्या विरोधाचा हा पुढारी. बेत ठरला. अमुक दिवशी सकाळी ड्यूक उभा राहील, निषेध मांडेल आणि त्याच्या मागोमाग सगळे विरोधक सभागृह सोडून बाहेर पडतील. त्या सकाळी सगळे जमले आणि ड्यूकाचा निरोप आला — दात दुखतोय, येत नाही.

लोकांनी जाऊन त्याला आणलं. आला बिचारा. आल्यावर म्हणाला, कोणी पुढे झालं तर मी साथ देईन, पण पहिला मी नाही. मग पहिला कोण? सगळे एकमेकांची तोंडं पाहत बसले. पार्लमेंट गेलं. पुढे ड्यूकाला इंग्लंडची वरची पदवी मिळाली, पॅरिसला राजदूत म्हणून जायची नेमणूकही मिळाली, आणि जाण्याआधीच लंडनच्या एका बागेत तलवारीच्या द्वंद्वात तो मारला गेला. म्हणजे बघा, तलवारीला भ्याला नाही. उभं राहून पहिलं बोलायला भ्याला. हे कोडं मला नऊ वर्षं पुरलं.

हा भाग मी दरवर्षी वर्गात सांगायचो. अभ्यासक्रमात नव्हता, तरी सांगायचो. एका हाताने गाल धरायचो, डोळे मिटायचो आणि कण्हत कण्हत म्हणायचो — आज माझ्याने येणं होत नाही हो! पोरं लोटपोट व्हायची. मग मी गंभीर होऊन विचारायचो, देश जातो आहे आणि ह्याला दात सुचतो, ह्याला काय म्हणायचं? मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, भेकड. बरोबर, असं म्हणून मी फळ्याकडे वळायचो. किती सोपं होतं ते.

सुखदेव मेश्राम माझा पहिलीपासूनचा मित्र. तहसील कार्यालयात कारकून होता. आम्ही दोघं रोज माझ्या मोटरसायकलवर पवनीला, तालुक्याच्या गावी, जायचो-यायचो, आणि त्या रस्त्यावर त्याला माझा ड्यूक अक्षरशः पाठ झाला. प्रबंधाचं मराठी पुस्तक करायचं ठरलं तेव्हा पहिली प्रत त्यानेच वाचली, लाल पेनाने खुणा केल्या. तो गावाकडेच्या बौद्ध टोलीतला, म्हणजे वस्तीतला, मी मालगुजाराच्या घरातला. आजोबांच्या काळात त्याच्या आजोबांनी आमच्या ओट्याला पाय लावला नसता. आम्ही दोघं एका मोटरसायकलवर बसतो याचा मला अभिमान होता. आता विचारलं तर सांगतो, तो अभिमान जरा जास्तच होता. मैत्रीचा अभिमान कशाला लागतो?

आता गावाचं. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. आमच्याकडे त्या सगळ्या योजनेलाच 'खिचडी' म्हणतात. खिचडी शिजवायला सुखदेवची धाकटी बहीण कांताबाई लागली. नवरा वारलेला, एक मुलगी, भावाच्या शेजारीच राहायची. हात इतका साफ की पोरं भांडं चाटूनपुसून ठेवायची. माझा मुलगा दुसरीत होता, घरी येऊन आईला ऐकवायचा की कांताबाईसारखं वरण तुला येत नाही.

दीड महिना झाला आणि कुजबुज सुरू झाली. खिचडी कच्ची राहते म्हणे. मग खडे निघतात. मग काही घरच्या पोरांना आयांनी डबे द्यायला सुरुवात केली. खरं कारण कोणी उच्चारलं नाही. आमच्याकडे ते उच्चारायची रीत नाही, सगळ्यांना कळतं. हेडमास्तर घाबरट होते, त्यांनी हात झटकले — ग्रामसभेत घ्या, गाव म्हणेल तसं करू. विषयपत्रिकेवर लिहिलं, 'स्वयंपाकीण बदलण्याबाबत'. असा विषय मतालाच टाकायचा नसतो. इतिहासाचा डॉक्टर झालो होतो, मला हे समजत नव्हतं का? समजत होतं. पण तेव्हा मला वाटलं, मत पडूच दे, आपण जिंकू.

कारण आमच्या गावाची एक खोड आहे. मालगुजारी माझ्या जन्माआधीच गेली, जमीन गेली, मोठं घर विकलं, आम्ही चार खोल्यांच्या स्लॅबच्या घरात राहतो. पण ग्रामसभेत हात वर करायची वेळ आली की पहिला हात आमच्या घरचा. तोवर बाकीचे हात मांडीवर. कुणी नियम केलेला नाही, कुणी सांगतही नाही. पंचायतीच्या ओसरीवर हात टेकायची एक प्लॅस्टिकची खुर्ची आमच्यासाठी वेगळी ठेवतात. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी चेष्टेवारी न्यायचो. पण बसायचो त्याच खुर्चीवर.

सुखदेवने बेत ह्या खोडीवरच बांधला. टोलीतले हात होतेच. शिवाय आमच्यातल्या नऊ बायकांनी कांताबाईला शब्द दिला होता, त्यांच्या पोरांना तिचं जेवण आवडत होतं. पण कांताबाईला ठेवा म्हणून पहिला हात कोणी उचलायचा? मोटरसायकलवर मागून तो माझ्या कानाशी म्हणाला, "तुले बोलाचं नाही काही. तू फक्त हात वर करजो. बाकीचे आपोआप करतीन." मी म्हटलं, नुसता हात कशाला? उभा राहून सांगतो की माझा पोरगा तिच्या हातचं जेवतो आणि जेवत राहील. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरापर्यंत काढला नाही.

पंधरा ऑगस्टला अकरा वाजता सभा होती. दोन दिवस आधी उपसरपंच आमच्याकडे चहाला आले. माझे चुलतभाऊ, वयाने मोठे, आम्ही त्यांना मोठेदादा म्हणायचो. दम वगैरे काही दिला नाही. पावसाचं बोलले, धानाच्या रोवणीचं बोलले. माझ्या बहिणीचं, लीलाचं लग्न ठरलेलं होतं, दिवाळीनंतर. जाताना चप्पल घालता घालता त्यांनी सहज विचारलं की लीलाच्या लग्नात मांडव कोणाच्या हातून घालणार आहेस. बस. मांडव भावकी घालते. भावकी आली नाही तर वराकडची मंडळी काय समजायचं ते समजतात.

लीलाचं लग्न मोडेल या भीतीने मी असं केलं — इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. ऐकायला किती बरं वाटतं! बहिणीसाठी भावाने पाप केलं. तुम्हालाही पटलं असतं. पटवून घेऊ नका, अजून मी मूळ गोष्टीपर्यंत आलोच नाही.

बायको राखीसाठी मुलाला घेऊन मोहाडीला माहेरी गेली होती. लीला तिच्यासोबत. मी घरी एकटा. पंधरा तारखेच्या सकाळी शेजारच्याला सांगितलं, सुखदेवला म्हणावं दाढ ठणकते आहे, डॉक्टरकडे जाऊन येतो. आणि मी भंडाऱ्याच्या गाडीत बसलो. दुसरं कारण सुचलं नाही का? ताप होता, पोट होतं, कॉलेजचं झेंडावंदन होतं. पण नऊ वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याचंच कारण तोंडात आलं. बोललो आणि लगेच समजलं की काय बोललो. सुखदेवला ड्यूक पाठ होता. नुसतं 'दाढ दुखत होती' म्हटलं असतं तर त्याने तिथल्या तिथे मला ओळखलं असतं.

म्हणून दाढ काढावी लागली. चांगली, धड दाढ. डॉक्टर नुकताच झेंडावंदन आटोपून आला होता, खिशाला कागदाचा तिरंगा टाचलेला. त्याने टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, सर, हिला काही झालेलं नाही. मी म्हटलं, रात्रभर झोपलो नाही. त्याने पुन्हा पाहिलं. म्हणाला, अक्कलदाढ आहे, तशी ती काही कामाची नसते, तुम्ही म्हणत असाल तर काढतो. माझ्या खोट्याला तोही बिचारा कंटाळला असावा. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी आ केला.

सभेत काय झालं ते सुखदेवनेच नंतर सांगितलं. खुर्ची मांडलेली होती. विषय आला. टोलीतले हात वर झाले. बाकी सगळे खुर्चीकडे पाहत होते. तेव्हा मोठेदादा उठले आणि रिकाम्या खुर्चीकडे हात करून एवढंच म्हणाले, "मालक नाही आले. समजून घ्या आता." आणि गावाने समजून घेतलं. त्या नऊ बायकांचे हात पदराखालीच राहिले.

हे मात्र मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटत होतं, न जाण्याने मी कोणाच्याच बाजूचा राहणार नाही. माझं मत मोजलंच जाणार नाही. पण त्या दिवशी गावात एकच मत मोजलं गेलं, आणि ते माझं होतं. मी हजर राहून तिच्या विरोधात हात वर केला असता तर निदान नऊतल्या एखादीला चीड आली असती.

दुपारी सुखदेव घरी आला. माझ्या तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजून टुम्म. तो समोर बसला, माझ्या गालाकडे पाहत. मग म्हणाला, "ड्यूकानं तं खोटं सांगतलं होतं. तुह्यं तं खरंच निंगालं रे." आणि हसला. बहिणीचं काम गेलं त्या दिवशी तो मला बरं वाटावं म्हणून हसला. मी गालाकडे बोट दाखवलं, बोलता येत नाही अशी खूण केली. बोळा फार सोयीचा होता.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. मलाही हेच सांगून थांबायला आवडलं असतं. भित्रेपणा कबूल करायला तसं फार धैर्य लागत नाही. लोक म्हणतात, जाऊ द्या हो, माणूस आहे. थांबा. एक मधली गोष्ट सांगतो, मग तिकडे येतो.

पुस्तकाची मुद्रितं त्याच महिन्यात आली. दाताच्या प्रकरणात मी ड्यूकाला स्वच्छ 'भेकड' लिहिलं होतं. तो शब्द मी काढला. त्या जागी लिहिलं की त्याचा दात त्या सकाळी खरोखर दुखत असण्याची शक्यता अभ्यासकांनी पुरेशी विचारात घेतलेली नाही. याला कसलाही आधार नव्हता. एकही पत्र नाही, एकही साक्ष नाही. मी ते घरी बसून रचलं, आणि खाली संशोधकाचं नाव टाकून छापलं. नागपूरच्या एका परीक्षणात नेमकं त्याच वाक्याचं कौतुक आलं, लेखकाची दृष्टी समतोल आहे म्हणून. ते कात्रण अजून माझ्या फायलीत आहे. मेलेल्या माणसाला मी माझ्या सोयीने दुखरा दात दिला. तो काय तक्रार करणार?

आता येतो. आता टाळण्यासारखं काही उरलं नाही.

सोळा तारीख. शाळा उघडली होती. खिचडी दुसरी बाई शिजवत होती. सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. कांताबाई. हातात कापडात गुंडाळलेला स्टीलचा डबा. तिला त्या वेळेला रोज चूल पेटवायची सवय झालेली, आणि आता हाताला काम नव्हतं. म्हणाली, "भाऊ, दाढ काढली म्हणते. चावता येत नसन. मऊ भाताची पेज आणली, मीठ कमी टाकलं." मी मान हलवली. ती पुढे म्हणाली, "कालचं मनावर नका घेऊ. तुमचं दुखून राह्यलं होतं, तुम्ही काय करसान." डबा तिने माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. पिढ्यान् पिढ्यांची सवय असेल. मी आत ये म्हटलं नाही. तोंडात बोळा मी अजून ठेवलाच होता, पण हाताने खूण करता आली असती.

ती गेली. मी डबा आत आणला, दार लावून घेतलं. आदल्या सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. झाकण उघडलं. गरम पेज, वर जिऱ्याची फोडणी, तुपाचा एक थेंब. तूप तिच्या घरात रोज असतं का, याचा विचार मी तेव्हा केला नाही. बोळा काढून ठेवला, चमचा घेतला. भरला. ओठापर्यंत आणला.

आणि गिळवेना. — नाही, हे चुकलं. तोंडात गेलीच नाही ती. ओठापाशीच हात थांबला. दुखत होतं म्हणून नाही. माझ्या अंगातून काहीतरी वर आलं. ते काय होतं हे मला त्या क्षणी नीट समजलं, आणि आजही समजतं. शिसारी म्हणतात त्याला.

घरात कोणी नव्हतं. मोठेदादा नव्हते, भावकी नव्हती, लीलाच्या सासरचे नव्हते. दार बंद. मग मी कोणाला भीत होतो? कोणालाच नाही. ज्या भीतीवर मी सगळा दोष टाकत आलो, ती त्या खोलीत नव्हतीच. मी सुखदेवसोबत त्याच्या ऑफिसातला चहा वर्षानुवर्षं प्यालो होतो, हॉटेलात एका टेबलावर जेवलो होतो. पण त्याच्या घरच्या चुलीवरचं? आठवून पाहिलं. कधीच नाही. दर वेळी काही ना काही निमित्त निघालं होतं, आणि निमित्त मीच काढलं होतं. माझा मुलगा तिच्या हातचं खात होता ते मला चालत होतं, कारण ते शाळेत होतं, सरकारी भांड्यात होतं. त्याबद्दल मी सभेत छाती काढून बोलणारही होतो.

चमचा परत डब्यात बुडवला. मागच्या दाराने गोठ्यात गेलो, पेज गाईच्या गव्हाणीत ओतली. तिने सगळी चाटून घेतली. डबा बाहेरच्या नळावर घासला, राखेने. घरात भांड्यांची पावडर होती, तरी राखेने. आजी घासायला लावायची तसाच, दोनदा. चमचा आमचाच होता, घरातला. तो मी धुतलासुद्धा नाही. परसाच्या कुंपणापलीकडे फेकून दिला. पुढे बायकोने विचारलं, एक चमचा कमी कसा? मी म्हटलं, गावात कुठे दिला असेल डब्यासोबत.

आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. मीही केला नाही. त्यात साखर भरली, झाकण लावलं आणि संध्याकाळी स्वतः टोलीत नेऊन दिला. पेज फार छान झाली होती, असं कांताबाईला सांगितलं. बोळा तोवर काढलेला होता, शब्द अगदी स्पष्ट निघाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरेचा डबा तिने दोन्ही हातांनी धरला, आणि शेजारणीला बोलावून दाखवला, मालकाच्या घरून भरून आला म्हणून.

त्या डब्याची गोष्ट टोलीभर झाली. गावाने तिला काढलं आणि मालगुजाराच्या नातवाने दुसऱ्या दिवशी तिच्या हातची पेज खाल्ली. पुढच्या एप्रिलमध्ये विहारासमोर जयंतीचा कार्यक्रम होता. सुखदेवने मला मंचावर बोलावलं. माइकवर त्याने सगळं सांगितलं — ड्यूक, दात, सभा, पेज. म्हणाला, "त्या ड्यूकाचं दुखणं खोटं होतं. आमच्या सराचं खरं होतं, मी सोता गाल पाह्यला." लोक हसले, टाळ्या वाजल्या. माझ्या गळ्यात हार घातला. मी हात जोडले. मी बोललोही, दहा मिनिटं, समतेवर. चांगलं बोललो. पहिल्या रांगेत कांताबाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

तिला शाळेत काम पुन्हा मिळालं नाही. लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी केली, कापणी केली, वीटभट्टीवर गेली, आणि त्यातून मुलीला नर्स केलं. लीलाचं लग्न थाटात झालं. मांडव मोठेदादांनी घातला.

सुखदेव यंदा फाल्गुनात गेला. शेवटी शेवटी मुलाकडे नागपूरला होता. त्याला सांगायचं म्हणून मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तब्येतीचं विचारलं, हवापाण्याचं बोललो आणि परत आलो. तो गेल्यावर मागच्या महिन्यात कांताबाईला भेटायला गेलो. तीही आता नागपुरातच मुलीजवळ असते, केस पांढरे झालेत. जेवल्याशिवाय जाऊ देईना. भात, वरण, वांग्याची भाजी. मी जेवलो. अडखळलो नाही, घास नीट उतरले. त्याने काही फिटलं असं मी म्हणत नाही. वीस वर्षांत माझा घसा सुधारला असेल, त्यात तिला काय मिळालं?

शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या होत्या. कांताबाईने त्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमचे सर. गावानं मले काढलं न, त्याच्या दुसऱ्या दिवशी याइनं माह्या हातची पेज खाल्ली होती." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आठवते न भाऊ?"

आठवते, असं मी म्हटलं.

तिने मला आणखी भात वाढला. मी घेतला.